अप्पांच्या गाडीचा उसीर

खोली भाड्यानं देताना माणसं काय काय अटी घालतात! कुणाला पाहुणे चालत नाहीत, कुणाला कांदा-लसूण चालत नाही. आळंदला मला जी खोली मिळाली तिची अट एकच होती, आणि तसली अट मी त्याआधी कधी ऐकली नव्हती, नंतरही नाही. दिवेलागणीला दिवा लावायचा नाही.

"म्हणजे?" मी विचारलं. मी मराठी शाळेवर नव्यानं लागलेली बाई. उदगीरहून ट्रंक घेऊन आलेली, पायात बसची धूळ, पोटात सकाळपासून काही नाही.

"म्हंजे लावायचा न्हाई," घरमालक म्हणाले. "मी खजुरीहून घरला आलो की लावा. मग रातभर जाळा, मी इचारणार न्हाई. आन हे मधलं दार तवर उघडं ठेवायचं."

"पण कामून?"

"अक्काला माझा उसीर दिसायला पायजे."

एवढं बोलून डोक्यावरची पांढरी टोपी सारखी करत ते निघून गेले. मी ट्रंकेवर बसून राहिले. आमच्या उदगीरकडं खेड्यातली माणसं उशिराला 'उसीर'च म्हणतात. त्यामुळं मी सरळ अर्थ लावला: हा माणूस रोज घरी उशिरा येतो आणि बायकोनं तो उशीर अंधारात बसून बघावा असं याला वाटतं. वा रे वा! भलत्याच घरात येऊन पडलो की आपण, असं वाटलं. पण गावात दुसरी खोली नव्हती आणि पोटात कावळे ओरडत होते. राहिले.

त्यांना सगळं गाव अप्पा म्हणायचं, त्यांच्या बायकोला अक्का. म्हैसूर राज्याचं नाव बदलून कर्नाटक झालं होतं त्याला फार वर्षं झाली नव्हती, आणि अप्पांच्या तोंडी अजून अधूनमधून 'निजाम सरकार' यायचं. खजुरीला त्यांचं शेत होतं. सकाळी मोटारीतून जायचे, दिवेलागणीला यायचे. माणसांशी मराठीत बोलायचे, भांडायचे दखनी उर्दूत, आणि मोटारीशी कानडीत. "बा तायी, बा," म्हणजे ये आई, ये, अशी तिची मनधरणी करत हँडल मारायचे. मी एकदा म्हटलं, "अप्पा, गाडीला मराठी कळत नाही का?" तर गंभीरपणे म्हणाले, "कळती. पण ऐकत न्हाई."

मोटार कुठल्याशा जहागीरदाराची. निजामाचं राज्य गेलं तेव्हा तो हैदराबादला निघून गेला आणि ती अप्पांकडं राहिली. काळी, विलायती, पाठीवर दुमडणारं कापडी छत. गाव तिला अप्पाची म्हैस म्हणायचं आणि अप्पांना ते आवडायचं, कारण म्हैस दूध देते, असं त्यांचं म्हणणं. कुठं जाऊन आले की "आमी दोघं आलो" म्हणत.

हॉर्न मात्र त्यांनी कधी वाजवला नाही. चालू होता, चांगला मोठा रबरी फुगा होता, पण वाजवायचा नाही. एकदा बसस्टँडवरनं त्यांनी मला गाडीत घेतलं. पुढं एक बाई डोक्यावर सरपणाची मोळी घेऊन रस्त्याच्या मधोमध चाललेली. अप्पा तिच्या मागं. ती थांबली की हे थांबले, ती चालली की हे चालले. सगळा बाजार बघायलाय. मी शरमेनं पदर तोंडाशी धरला. शेवटी त्या बाईनंच मागं वळून विचारलं, "अप्पा, कामून पाठी लागलाव?"

"तुमचं चालू द्या," अप्पा म्हणाले. "आमाला घाई न्हाई."

घरी येऊन मी फणकाऱ्यानं म्हटलं, एवढा फुगा कशाला ठेवलाय मग? उत्तर मला अक्काकडून मिळालं, तेही न विचारता. अक्काला ऐकू येत नव्हतं. लग्नानंतर काही वर्षांनी विषमज्वर झाला, ताप उतरला आणि कान घेऊन गेला. "माझ्या दारात हॉर्न वाजवून काय उपेग बाई?" अक्का म्हणाली. "ते म्हनले, जिला वाजवायचं तिलाच ऐकू येईना, मग बाकीच्यांच्या कानात कशाला वरडायचं?"

हे अक्कानं मला सांगितलं ते चार घरांना ऐकू गेलं. स्वतःचा आवाज ऐकू येत नसल्यानं ती भलत्याच मोठ्यानं बोलायची. ओठ बघून तिला सगळं कळायचं, म्हणून अप्पा तिच्याशी आवाज न करताच बोलत. नुसते ओठ हलवायचे, हात हलवायचे. आवाज कशाला वाया घालवायचा? त्यामुळं नवरा-बायकोचं बोलणं गल्लीला निम्मं ऐकू यायचं. अप्पांचं काही नाही, आणि मग एकदम अक्काचा गडगडाट: "अवो, परवाच तर धुतलंय ते धोतर!" मी वह्या तपासता तपासता हसायची.

बाकी दिवेलागणीचा तो तास मला सुरुवातीला फार छळायचा. हळूहळू मीच मधल्या दारातून स्वयंपाकघरात जाऊन अक्काजवळ बसायला लागले. चुलीचा तेवढा उजेड. अक्का भाकरी थापायची, पण तोंड समोरच्या भिंतीकडं. माझ्या खोलीच्या दारावर एक झरोका होता. रस्त्यावरून गाडी आली की तिचा उजेड झरोक्यातून माझ्या खोलीत, तिथून मधल्या दारातून थेट त्या भिंतीवर पडायचा. एखादा ट्रक गेला, एखादी जीप गेली, तरी अक्का हलायची नाही. मग एक पिवळट उजेड यायचा, आणि तो भिंतीवर मोठा व्हायचा, बारीक व्हायचा, परत मोठा, परत बारीक. की अक्का तवा उतरवायची, पदराला हात पुसायची आणि अंगणातून जाऊन गाडीच्या मोठ्या दाराचा अडणा काढायची. घरात गडी होता, मी होते. पण ते दार दुसऱ्या कुणी उघडलेलं दोघांनाही चालायचं नाही.

त्या जुन्या मोटारींना डायनामो असायचा. इंजिन जोरात फिरलं की दिवे ठळक, इंजिन मंद झालं की दिवेही मंद. अप्पा दारात येऊन पायानं अ‍ॅक्सिलरेटर दाबायचे आणि सोडायचे, दाबायचे आणि सोडायचे. ही त्यांची कडी वाजवणं. एवढं मला कळलं होतं. पण 'उसीर'चा अर्थ माझ्या डोक्यात अजूनही उशीरच होता. रोज ठरल्या वेळी येणाऱ्या माणसाचा कसला उशीर, असं वाटायचं, पण विचारलं नाही. तोवर मला तो तास आवडायला लागला होता, आणि जे आवडतं त्याची चौकशी करावीशी वाटत नाही.

मग तो अपघात झाला. खजुरीच्या चढावर कडब्यानं भरलेली बैलगाडी, तिला कंदील नाही. अप्पांनी खड्ड्यात गाडी हळू केली, तसे दिवेही डोळे मिटल्यासारखे झाले, आणि म्हैस सरळ कडब्यात घुसली. बैलांना काही झालं नाही, गाडीवानाला काही झालं नाही, अप्पांचं कपाळ फुटलं. रक्तानं भरलेला पटका बांधून ते कुणाच्या तरी ट्रॅक्टरवरून घरी आले. अक्का भिंतीकडं बघत बसलेलीच होती. ट्रॅक्टरच्या उजेडाला ती उठली नाही. मीच तिला हात धरून उठवलं.

त्या रात्री ती जे बोलली ते आळंदच्या निम्म्या बाजारानं ऐकलं असणार. "तुमच्या गाडीला डोळे न्हाईत आन मला कान न्हाईत! घर कसं चालायचं? लाइट चांगली करून आना, न्हाईतर उजेडात घरला येत जा!"

अप्पांचे ओठ हलले. अक्का आणखी भडकली. "मला कसं कळंल म्हनायलाव? न्हाई कळलं तर न्हाई कळलं! जित्तं या म्हंजे झालं!"

मोटार उमरग्याच्या मिस्त्रीकडं ओढून नेली. हमरस्त्यावर त्याचं गॅरेज होतं. तो म्हणाला, डायनामोचं आतलं गुंडाळणं कितीदा करून झालंय, आता ते जळून कोळसा झालंय, आणि या गाडीचा सुटा भाग आता देवाघरी. त्यापेक्षा मोडीतल्या ट्रकचा अल्टरनेटर बसवतो. अप्पांनी मान हलवली आणि निघताना बजावून सांगितलं, "काय बी बसव. पण उसीर ऱ्हायला पायजे."

दिवस गेले, आठवडे गेले, गाडीचा पत्ता नाही. अप्पा बसनं खजुरीला जायचे, उजेडातच परत यायचे, आणि आपल्याच दारात पाहुण्यासारखे उभे राहायचे. कडी वाजवायची नाही, हाक मारायची नाही. कुणीतरी अक्काला जाऊन सांगेपर्यंत उभे. एवढ्याशा दिवसांत माणूस वाळून गेला.

मला सुट्टी लागली. उदगीरला जायला उमरग्यावरूनच जावं लागे. अप्पा म्हणाले, चला, मी बी येतो, त्या मिस्त्रीला बघतो. गॅरेजात गेलो तर म्हैस कोपऱ्यात, तोंड उघडं, आतडी बाहेर, अंगावर बोटभर धूळ. मिस्त्री बाजेवर बसून चहा पितोय.

अप्पांनी दखनी सुरू केली. ती मी इथं लिहीत नाही. मिस्त्रीनं शांतपणे ऐकलं आणि म्हणाला, "अप्पा, कामून तापायलाव? तुमीच म्हनलाव ना, उसीर ऱ्हायला पायजे. मी म्हनलं म्हातारबाला घाई न्हाई. लोकांच्या गाड्या आधी काढल्या."

अप्पांनी मिस्त्रीची कॉलर धरली, तोंड त्याच्या तोंडाजवळ नेलं आणि "हाऽऽ" करून त्याच्या चेहऱ्यावर श्वास सोडला. "हा! ह्यो! ह्याला उसीर म्हनतेत! हाऽऽ! माझ्या लाइटीचा उसीर!"

मिस्त्री तोंड पुसत माझ्याकडं बघायला लागला आणि मी त्याच्याकडं. कानडीत श्वासाला 'उसिरु' म्हणतात. मी इतके दिवस त्या घरात राहिले, त्या भिंतीपुढं बसले, आणि मला कळलं ते उमरग्याच्या गॅरेजात. अक्काला माझा श्वास दिसायला पायजे, एवढंच तो माणूस पहिल्या दिवशी मला म्हणाला होता. आणि मी त्याच्यावर दात खात ट्रंकेवर बसले होते! मला हसू आलं आणि लगेच डोळे भरून आले, मग मी गॅरेजातल्या टायरांकडं बघत उभी राहिले.

मिस्त्री चांगला माणूस होता. त्यानं चहा सांगितला. मग म्हणाला, "पण अप्पा, अल्टरनेटरला तुमचा तो उसीर नसतोय. गाडी हळू चालवा, उभी करा, लाइट एकसारखी. त्यासाठीच तर बसवायचा."

"जरासा बी न्हाई?"

"जरासा बी न्हाई."

अप्पा बराच वेळ गाडीच्या नाकावरून हात फिरवत राहिले. कपाळावरची जखम अजून लाल होती. "बसव," म्हणाले.

जुनी विलायती मोटार उलटी असते, हे मला त्या दिवशी कळलं. सगळ्या गाड्यांना बॅटरीचा मायनस अंगाला जोडलेला असतो, हिला प्लस. अल्टरनेटरसाठी ते सगळं सुलट करावं लागलं, असं अप्पांनी मला नंतर सांगितलं. त्यात करंट दाखवणाऱ्या काट्याच्या तारा बदलायच्या राहिल्या, तो उलटा फिरायला लागला. बॅटरी भरत असली की रिकामी होते असं दाखवायचा. मिस्त्री बदलायला निघाला तर अप्पांनी हात धरला. "ऱ्हाऊ दे. तेवढं तरी जुनं ऱ्हाऊ दे." पुढं ते काटा उलटाच वाचायचे.

मी सुट्टीवरून परत आले त्याच दिवशी मिस्त्री गाडी खजुरीला आणून देणार होता. खजुरीला जाताना अप्पांनी मला बाजूला घेतलं. "अक्काला बोलू नका. लाइट बदलली एवढंच ठाव हाय तिला. बाकी सांगितलं न्हाई मी."

"सांगा की मग! बिचारी बसून राहील."

"बघू," ते म्हणाले. "वळखते का."

दिवेलागणीला मी अक्काजवळ बसले. ती खुशीत होती, पिठलं केलं होतं. आणि भिंतीवर उजेड आला. पण कसला उजेड! पांढरा, लख्ख, चुन्यासारखा. भिंतीवरच्या डब्यांची सावली काळी कुळकुळीत पडली. बाहेर इंजिन घुरघुरत होतं, जोरात, हळू, जोरात, हळू. मला ऐकू येत होतं. उजेड मात्र तसाच, ढिम्म.

"कुनाची जीप थांबलीया बाई?" अक्का म्हणाली आणि भाकरी उलटली.

माझे ओठ शिवशिवायला लागले. तिच्याकडं बघितलं असतं तर तिनं तोंडावरूनच वाचलं असतं, म्हणून मी चुलीकडं तोंड फिरवलं. इंजिन परत घुरघुरलं. परत. मग नुसतंच चालू राहिलं. मला वाटलं, आता हा माणूस गाडीतच बसून राहील. उठून जावं, दार उघडावं, गेला खड्ड्यात तो हट्ट! मी उठलेही.

तेवढ्यात भिंत काळी झाली. परत उजळली. काळी झाली, उजळली. आणि उजेडाच्या कडेला कसलीतरी फडफड, बाहीसारखी.

अक्का टक लावून बघत होती. मग एवढ्या मोठ्यानं हसली की गडी धावत आला. "आला गं बाई! कोट धरलाय म्हाताऱ्यानं! मला वाटलं ह्यांचा उसीरच थांबला!"

तिनं तवा उतरवला, हात पुसले, गेली. मी तिच्या मागं अंगणात गेले. मोठं दार उघडलं तर गाडीपुढं अप्पा, नुसत्या सदऱ्यावर, दोन्ही हातांत कोट पसरून दिव्यांपुढं वर-खाली करताहेत. टोपी पडलेली. साठीच्या पुढचा, कपाळाला खोक पडलेला माणूस, भर रस्त्यात. गल्लीतली माणसं दारात येऊन बघायला लागलेली. अक्कानं टोपी उचलली, झटकली आणि त्यांच्या डोक्यावर ठेवली.

पुढं ते रोजचंच झालं. पावसात छत्री उघडून मिटायचे, थंडीत घोंगडं धरायचे. गाव हसलं आणि मग हसायचंही विसरलं. मी मात्र तिथं राहिले तेवढे दिवस दिवेलागणीची वाट बघत राहिले. आपलं असं कुणी नव्हतं गावात माझं, पण त्या भिंतीवर उजेड हलला की कुणीतरी माझ्यासाठीही घरी आलं असं वाटायचं.

मग माझं लग्न झालं, बदली झाली भालकीला. संसार, पोरं, शाळा. अक्का गेल्याचं मला आळंदच्या एका शिक्षिकेनं गुलबर्ग्याच्या प्रशिक्षणात सांगितलं. दिवाळीच्या सुट्टीत मी गेले.

घरात आता अप्पांचा पुतण्या आणि त्याची बायको होती. स्वयंपाकघरात गॅस आला होता, ट्यूब आली होती. दिवेलागण झाली तशी पुतण्याच्या बायकोनं ती बंद केली. "बसा बाई. दिवा लावू नका, अप्पा यायचेत." मला काय सांगतेस गं, असं मनात आलं.

उजेड आला. गेला, आला, गेला, आला. मी उठायला लागले तर ती म्हणाली, "लगेच न्हाई. लगेच उघडलं तर चालत न्हाई त्यांना. अक्का भाकरी उतरवून, हात पुसून जायच्या ना. तेवढा वेळ थांबतेत."

"मी उघडते आज," मी म्हटलं.

मी तेवढा वेळ बसले. हात कोरडे होते, तरी पदराला पुसले. अंगणातून गेले, अडणा काढला, दार ओढलं.

तो लख्ख उजेड सगळा माझ्या डोळ्यांत आला. त्यापुढं अप्पा, नुसती काळी आकृती, हातात कोट. चेहरा दिसेना. ते जागचे हलले नाहीत. मग त्यांचा हात हलला, मान हलली, परत हात हलला. आवाज काहीच नाही. इंजिन तेवढं चालू. मला कळायला थोडा वेळ लागला. ते बोलत होते. खजुरीला काय झालं, तूर कशी आहे, कोण भेटलं, असं काहीतरी भराभरा सांगत होते.

मला ते सोसवेना. "अप्पा," मी म्हटलं, "मी हाय. उदगीरची बाई."

हात खाली आला. कोट खाली आला. इंजिनच्या आवाजावरून मग त्यांचा आवाज आला, घोगरा, आतून कुठून तरी काढलेला. "बाई? तुमी व्हय?" आणि थोड्या वेळानं, "बरं केलं. दार नीट उघडलाव."

जेवताना मी जरा चढ्या आवाजातच बोलले, जुन्या हक्कानं. "आता कशाला जाता रोज खजुरीला? तुम्ही थकलात, गाडी थकली. पुतण्या बघतोय की शेत. बसा आता घरी."

अप्पांनी भाकरीचा तुकडा मोडला. माझ्याकडं न बघता, त्या भिंतीकडं बघत म्हणाले, "उसीर हाय अजून."

कुठल्या भाषेत म्हणाले? मराठीत म्हणाले असले तर, अजून अवकाश आहे. कानडीत म्हणाले असले तर, अजून श्वास आहे. विचारायचं तोंडावर आलं होतं. पण ते जेवत होते, आणि जेवताना फार शांत दिसत होते. विचारलं नाही.

सकाळी माझी बस निघायच्या आधीच ते खजुरीला निघून गेले. हँडल मारताना "बा तायी" ऐकू आलं, तेवढंच. नंतर आळंदला जाणं झालं नाही. अप्पा गेल्याचं मला कळलं तेव्हा त्यांचं सगळं आटपून महिने लोटले होते, गाडीही कुणीतरी ओढून नेली होती. मी स्वयंपाकघरात उभी होते, दिवेलागण होती, हात दिव्याच्या बटणापर्यंत गेला होता तो तसाच मागं घेतला. फार उशीर झाला होता. हा मात्र मराठीतला.